रोजच्या वापरातली काठी

“तू कशाला सांगतेस? तुझ्या वडिलांनाच विचारते ना मी,” असं हिंदीत म्हणून निवेदिता मॅडम गंगेवरच्या अमृतराव घाटाच्या पायरीवर बसल्या, आणि बकुळ हातात काठी घेऊन उभीच राहिली.

मॅडम बाहेरून आलेल्या परीक्षक. तोंडी परीक्षा खरं तर विभागात, पंख्याखाली व्हायची होती. पण सकाळी उठल्या उठल्या त्यांचा फोन आला, की काठी जिथे वापरतात तिथेच बघू. आता बोला. परीक्षकांना नाही कोण म्हणणार?

बकुळ विद्यापीठात इनोव्हेशनमध्ये ऑनर्स करत होती. शेवटचं वर्ष. नवी वस्तू बनवली की झालं, असं तिथे नसतं. वस्तू काय, सगळेच बनवतात. ऑनर्सला ती वस्तू कुणीतरी आपणहून, महिनाभर, रोज वापरलेली लागते. बकुळने घाटाच्या उंचसखल पायऱ्यांसाठी काठी केली होती. खाली तीन पाय, प्रत्येक पाय पायरी बघून आपला आपण लांब-आखूड होणारा. काठी खरोखरच उत्तम होती. आणि केली होती ती वडिलांसाठी. यज्ञेश्वर गुरुजींचे, म्हणजे तिच्या अण्णांचे, गुडघे याच पायऱ्यांवर झिजले होते.

करण्याआधी तिने घाटावरच्या म्हाताऱ्यांना काय काय विचारलं होतं. गुडघा कधी दुखतो, हात कापतो का, वजन किती झेपेल. सोवळ्याचं तेवढं कुणालाच विचारलं नाही. सोवळ्यातल्या माणसाला शिवायचं नाही, हे ज्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही, त्या घरातली ती मुलगी. तिला विचारायचं सुचलंच नाही.

काठी तयार झाली तेव्हा ती उड्या मारत अण्णांकडे घेऊन गेली. ते नुकते गंगेत स्नान करून, सोवळ्याची धाबळी नेसून पूजेचं पाणी घेऊन निघाले होते. त्यांनी काठीकडे प्रेमाने पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले. “छान झालीय गं. पण दहा जणांनी हाताळलेली काठी सोवळ्यात कशी धरू? आणि उतरताना धरली, तर चढताना मी सोवळ्यात, मग ती वर कुणी आणायची?”

पुन्हा दुसरी काठी, दुसरा माणूस, दुसरा महिना, एवढा वेळ कुठला उरला होता. बकुळने प्रबंधात लिहून टाकलं, की यज्ञेश्वर गुरुजी काठी रोज वापरतात. अण्णांना त्यातलं अक्षर सांगितलं नाही.

“आणि काठी रोज ते वापरतात, तर आज ती तुझ्या हातात कशी?” मॅडमनी सहज विचारलं.

“तुम्हाला दाखवायला घेतली,” बकुळ म्हणाली. खोटं पकडलं गेलं, तर ऑनर्स तर जाईलच, वर्षही जाईल. तीन वर्षं रात्रीचा दिवस केला होता तिने.

तेवढ्यात अण्णा खालून येताना दिसले. अंगावर धाबळी, एका हातात तांब्या, दुसरा हात भिंतीला. एक पायरी चढायची, थांबायचं, दम घ्यायचा. बकुळला ते बघवेना. त्याहून जास्त, ते वर पोचूच नयेत असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

अण्णा काय उत्तर देणार, ते तिला पक्कं ठाऊक होतं. सोवळ्यात असताना यजमानाला बरं वाटावं म्हणूनसुद्धा ते खोटं बोलत नसत. संकल्पात एक तिथी चुकली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणणारा माणूस तो. “खोटं बोललेल्या तोंडाने मंत्र म्हणू नये, आधी बुडी मारून यावं,” असं शिष्यांना बजावणारा. गल्लीतले बाकीचे गुरुजी त्यावरून त्यांची थट्टा करायचे.

मॅडम उठल्या. हात जोडून म्हणाल्या, “पंडितजी, प्रणाम. ये छड़ी आप इस्तेमाल करते हैं?”

अण्णा गोंधळले. त्यांनी काठीकडे पाहिलं, मग लेकीकडे. बकुळ खाली मान घालून मराठीत पुटपुटली, “अण्णा, तुम्ही वापरता असं मी लिहून दिलंय.”

मॅडमना मराठी येत नव्हती. अण्णांनी हातातल्या तांब्याकडे पाहिलं. खाली कुणीतरी नावेची साखळी सोडत होतं. बकुळला वाटलं, आता संपलं.

“जी,” अण्णा म्हणाले. “रोज.”

मॅडम हसल्या. “हेच ऐकायचं होतं,” असं हिंदीत म्हणून त्यांनी बकुळच्या पाठीवर थाप मारली. जमलं होतं. बकुळचे डोळे भरून आले. सुटल्यामुळे भरले की कशामुळे, तिचं तिलाच कळेना.

अण्णांनी तांब्यातलं पूजेचं पाणी पायरीवर ओतून टाकलं. मग ते जवळ आले, आणि बकुळच्या हातातली काठी त्यांनी सरळ काढून घेतली. मूठ घट्ट धरली. काठी खालच्या पायरीवर टेकली. तिचे तिन्ही पाय नीट बसले.

“देखो, कितने आराम से चलते हैं,” मॅडम कौतुकाने म्हणाल्या.

बकुळ धावत त्यांच्या पुढे गेली. “अण्णा, अहो हे काय करताय? सोवळ्यात आहात तुम्ही.”

अण्णा थांबले नाहीत. काठी टेकत टेकत पुन्हा गंगेकडे उतरू लागले.

“ते मघाशीच मोडलं, बकू,” ते म्हणाले.