हवालदारांचा सिनेमा

कासुर्डीचे माजी सैनिक मच्छिंद्र हवालदार युद्धाचा सिनेमा कधीच शेवटपर्यंत बघत नसत. पडद्यावरचा नायक हसत हसत गोळ्यांसमोर गेला, की ते उठून बाहेर जात. त्यामुळं आज दौंडच्या थिएटरात सोजराबाई नवऱ्याशेजारी धास्तावूनच बसल्या होत्या. पण या सिनेमातला जवान चढाईआधी इतका थरथरत होता, की त्याला बुटाची नाडीही बांधता येईना.

"हा कसला जवान!" मागच्या रांगेतलं कुणीतरी मोठ्यानं हसलं.

हवालदार ताडकन उभे राहिले. सोजराबाईंनी अंधारात चपला चाचपल्या. "चला, जाऊ घरी."

"थांब गं," म्हणत ते मागं वळले. "असाच असतो जवान! कारगिलला माझंबी हात असंच कापत व्हतं. लई भ्यालो व्हतो. आन् तरीबी वर चढलो!"

थिएटरात टाळ्यांचा असा कडकडाट उठला, की पडद्यावरच्या तोफा ऐकू येईनात.

सकाळी हवालदारांनी ट्रंकेच्या तळाशी इतकी वर्षं दडवलेलं शौर्यपदक काढून सोजराबाईंच्या हातात दिलं.

"भिंतीवर लाव. आजवर वाटायचं, भ्यालेल्या माणसाला हे चुकून मिळालंय."