तक्रारपेटी

प्रभाग महिला राखीव झाला म्हणून सुलभाताई नगरसेविका झाल्या. सिडकोतल्या संपर्क कार्यालयात मात्र खुर्चीवर बसतात, फोन घेतात ते त्यांचे मिस्टर, नामदेवभाऊ. ताईंनी फक्त सही करायची.

सोमवारी भाऊंनी तक्रारपेटी उघडली. पाणी येत नाही, घंटागाडी येत नाही, या नेहमीच्या चिठ्ठ्यांत एक बिननावाची निघाली. भाऊंनी ती कार्यकर्त्यांसमोर मोठ्यानं वाचली. "आपल्या प्रभागात एका बाईला कोंडून ठेवल्यासारखं ठेवलंय. तिचा मोबाइल नवऱ्याकडे असतो. त्याला विचारल्याशिवाय तिला कुठं जाता येत नाही."

भाऊ भडकले. "असल्या माणसाला सोडायचं नाही. अक्षर बघा, किती वाकडंतिकडं. बिचारी शिकलेलीही नसेल. मॅडमच्या लेटरहेडवर पोलीस स्टेशनला पत्र टाईप करा."

"मी शोधून भेटू का तिला?" ताईंनी विचारलं.

"तू कुठं जातेस? सही कर."

भाऊंनी बोट ठेवलं तिथं ताईंनी सही केली.



चिठ्ठी त्यांनी डाव्या हातानं लिहिली होती.