नऊच्या रांगेतली खुर्ची

फाटकाला साखळी होती आणि साखळी गंजली होती. वेराने गाडी थांबवली. नेवाडाच्या उन्हात शेवटच्या साठ मैलांत त्यांना एकही गाडी भेटली नव्हती. इथे मात्र कुंपणाबाहेर दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. बहुतेकांच्या चाकांत हवा नव्हती.

"ही बघ तुझी सोन्याची खाण," ती वडिलांना म्हणाली. "यंत्र नाही, कामगार नाही. आता तरी विकशील?"

एल्डन प्रूइटने सीटबेल्ट सोडला. बायको गेल्यावर मिळालेले विम्याचे सगळे पैसे त्याने या एकाच खाण कंपनीच्या शेअरमध्ये घातले होते. शेअर सात डॉलरवर आला तेव्हा वेरा म्हणाली होती, विकून टाक. नऊला घेतलाय, नऊ आले की विकतो, असं तो म्हणाला. पाचवर आला तेव्हा त्याने आपली मासेमारीची होडी विकली आणि आणखी घेतले. स्वस्त पडतात म्हणून.

कामगार नव्हते, पण माणसं होती. फाटकासमोर घडीच्या खुर्च्या टाकून वीसेक म्हातारे-म्हाताऱ्या बसल्या होत्या. सगळ्यांची तोंडं कुंपणापलीकडच्या खड्ड्याकडे. गाडीची दारं वाजली तरी कुणी मान वळवली नाही. खुर्च्यांचे पाय मातीत चार-चार बोटं रुतले होते.

दुसऱ्या रांगेतली, रुंद हॅट घातलेली एक बाई तेवढी बोलली. "मी लॉर्ना. डेन्व्हरला नर्स होते. तुम्ही पहिले शेअर कितीला घेतलेत?"

"नऊला," एल्डन म्हणाला.

"मग तुमची रांग मागची. पुढे चौदावाले बसतात, इथे आम्ही बारावाले. नऊवाल्यांत एक खुर्ची रिकामी झालीय."

"कुणाची?" वेराने विचारलं.

"हॅरल्डची. नोव्हेंबरात गेला बिचारा. पण शेवटपर्यंत विकले नाहीत हो त्याने." लॉर्नाच्या आवाजात कौतुक होतं.

वेराने एल्डनच्या फोनवर विक्रीचं पान उघडून तो त्याच्यासमोर धरला. "डॅड, इथे बोट ठेव. बस्स, एवढंच. उरलंय त्यात तुझं दोन वर्षांचं घरभाडं निघेल."

एल्डनने बोट उचललं. पण टेकवलं नाही. "विकले की मग ते पैसे गेलेच ना गं," तो पुटपुटला. "आत्ता निदान गेले तरी नाहीत."

तेवढ्यात खुर्च्यांवरची सगळी डोकी एकदमच एका बाजूला कलली.

"ऐकलंत?" लॉर्ना कुजबुजली. "खाली काम चालू आहे."

एल्डनने डोळे मिटून घेतले. वेराला वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

"डॅड, उन्हाने होतंय हे. थांब, पाणी आणते."

पाणी पाजायचं आणि दंडाला धरून सरळ गाडीत घालायचं, असं ठरवून ती गेली. परत यायला दोन मिनिटंही लागली नसतील. एल्डन मागच्या रांगेत बसला होता, हात गुडघ्यांवर, इतरांसारखाच. बुटांवर धूळ चढली होती. आईच्या दफनानंतर त्याचा चेहरा इतका शांत तिने पाहिला नव्हता.

"चल ना रे." तिने त्याचा दंड ओढला. तो हलला नाही.

"शू. जवळ आलेत गं ते."

वेरा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. त्याचं बोट तिने मुठीत घेतलं. इतक्या उन्हात ते गार होतं. तिने ते फोनपाशी नेलं. आता फक्त टेकवायचं बाकी होतं.

गुडघ्यांखालची जमीन हलली. अगदी हलकेच. धप्. मग थोडं थांबून पुन्हा, खोलवरून. धप्.

बोट तसंच अधांतरी राहिलं. वेराने श्वास रोखला आणि तिसऱ्या ठोक्याची वाट पाहू लागली.

"तू कितीला घेतलेस, बाळ?" लॉर्नाने पुढच्या रांगेतून मागे वळून मायेने विचारलं.

"मी... मी घेतलेलेच नाहीत."

"आज चाळीस सेंटला मिळतायत. तुमची रांग मागे लागेल, तोवर इथे बस," लॉर्ना म्हणाली, आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून तिने मांडीवर घेतली.