मयताला माफी

गोदागंगेच्या घाटाचा ठेका घेतलेल्या नव्या गुत्तेदारानं नावेची उतराई दुप्पट केली आणि पैलतीरावरच्या बाजाराला जाणारी नाव रिकामी पडली. माफी फक्त मयताला आणि त्याच्या खांदेकऱ्यांना होती, कारण मसणवटाही पैलतीरालाच होता.

पुढच्या बाजारापासून घाटावर तिरड्या यायला लागल्या. खाली ज्वारीचं पोतं, वर पांढरं कापड. गुत्तेदाराचा मुन्शी नाकाला उपरणं लावून लांबूनच वहीत ‘मयत एक’ असं लिहायचा. नावाडी आश्रुबा भोई सगळं ओळखून होता. वल्हवून वल्हवून त्याचे खांदे भरून आलेले असायचे. एकदाच तिरडी धरलेल्या शेतकऱ्याला म्हणाला, “चंद्रभान, तुझी म्हातारी लय जड हाय रं. चौथ्यांदा न्यायलोय म्या तिला.”

दोन महिन्यांनी तहसिलीतून उर्दूतला हुकूम आला. मुन्शीनं तो घाटावर उभं राहून समजावून सांगितला. “वही पाहिली. दोन महिन्यांत एकेचाळीस मयत. गावात हैजा, म्हणजे पटकी पसरली आहे. आजपासून नाव बंद. गावातून माणूस बाहेर जाणार नाही, धान्यही जाणार नाही.”

ऐन सुगीचे दिवस. ज्वारी खळ्यावर पडलेली. सगळं गाव डोक्याला हात लावून घाटाच्या पायऱ्यांवर बसलं. आश्रुबानं वल्हं खाली ठेवलं.

“जाऊन सांगा की मुन्शीला, गावात कुणी मेलंच न्हाई म्हणून. उठा.”



कुणीच उठलं नाही.