पाचव्या गाण्यातली चूक

वायरिंगवालीनं साप्ताहिक उघडलं, तसा छन्नीनं डबा मिटून बाजूला सारला. जेवणाची सुटी संपायला अजून वीस मिनिटं होती.

बस दुरुस्तीच्या त्या कारखान्यात तिघी एकदमच लागल्या होत्या. एक वायरिंगवाली, एक रंगवाली, आणि ब्रेक बसवणारी ही छन्नी. जिभेला धार, म्हणून हे नाव. चार वर्षं सुटीच्या दिवशी पत्रे बडवत त्यांनी रॅप रचलं आणि अठरा दिवसांपूर्वी पहिला अल्बम काढला, ‘ग्रीसचे हात’. कारखान्यात कौतुक झालं. छन्नीच्या मावशीनं सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, हे ठीक आहे गं, पण गायला कधी सुरुवात करणार? आई मात्र चकार शब्द बोलली नव्हती.

कारण होतं पाचवं गाणं. अकरा वर्षांपूर्वी छन्नीचा थोरला भाऊ वडिलांशी भांडून पहाटे घराबाहेर पडला, तो गेलाच. पत्र नाही, फोन नाही. छन्नी तेव्हा तेरा वर्षांची. ‘दादा, सांगून तरी जायचंस’, असं तिनं त्याला गाण्यात खडसावलं होतं. आता तिचं तिलाच वाटत होतं, आपण घरचं चव्हाट्यावर मांडलं. पुन्हा असं लिहायचं नाही, हेही तिनं ठरवून टाकलं होतं.

आज त्यांच्या अल्बमचं परीक्षण छापून आलं होतं, पण साप्ताहिकातला समीक्षक नाव देत नसे. खाली ‘एक श्रोता’ एवढंच. भल्याभल्यांची सालटी काढायचा.

“वाच,” छन्नी म्हणाली. “काही गाळू नकोस.”

वायरिंगवाली वाचू लागली. पहिल्या गाण्यात यमकासाठी ओढाताण आहे. दुसरं उगाच लांबलंय. तिसऱ्यात राग खरा, पण शब्द उसने. चौथ्यातला पत्र्यावरचा ठोका मात्र असा, की बसल्या जागी पाय हलू लागतो. रंगवालीनं टेबलाखालून छन्नीला हळूच लाथ मारली. या तिघींनी थांबू नये, दुसरा अल्बम काढावाच, असंही त्यानं लिहिलं होतं. छन्नीच्या जिवात जीव आला. तिनं डबा पुन्हा पुढे ओढला.

वायरिंगवाली अडखळली. पाचव्या गाण्यावर वेगळा मजकूर आहे, राहू दे का, असं तिनं विचारलं. छन्नीनं मान हलवली, वाच.

“‘पाचवं गाणं सगळ्यात चांगलं, आणि चूक आहे तीही त्यातच.’”

छन्नीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझ्या घरातली चूक हा दाखवणार?”

वायरिंगवालीनं उरलेल्या ओळी आधी मनात वाचल्या. मग तिनं छन्नीचा हात धरला आणि सावकाश वाचलं.

“‘भाऊ न सांगता गेला, असं गाणं म्हणतं. तो सांगायला आला होता. बहीण तीन दिवसांच्या तापातून नुकती कुठे झोपली होती. तिला उठवायचा धीर झाला नाही. पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि निघालो.’”