लग्नाचे सर्व हक्क राखीव

"या घरातली एकही आठवण यापुढे मरणार नाही," असं बुद्धभूषणने अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या घराच्या बेसमेंटमध्ये जाहीर केलं आणि स्वतःच्या लग्नाची झिजलेली व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर उतरवायला कॉम्प्युटरला जोडलेल्या व्हीसीआरमध्ये लावली. दोन मिनिटांत कॉम्प्युटरने कळवलं, की हा व्हिडिओ संरक्षित आहे, कॉपी करता येणार नाही. कॉपी करायच्या यंत्राच्या हेल्पलाइनवाल्या बाईंनी मूळ मालकांची परवानगी आणायला सांगितलं. "घे, दिली," बायको म्हणाली. "पण कॅसेट वाचव. माझ्या बाबांचा आवाज तेवढ्यातच उरलाय." शेवटी ऑफिसातल्या सिद्धेशने उलगडा केला: जुन्या फितीवरचं चित्र थरथरतं, आणि त्या थरथरीलाच यंत्र कुलूप समजतं. त्याने चित्र स्थिर करणारी पेटी व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये जोडली आणि यंत्राने हरकत मागे घेतली. पडद्यावर बाबा हसून म्हणाले, "जावईबापू, पोरगी हट्टी आहे, सांभाळून घ्या." बायकोने तीनदा ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "सासूबाईंना पाठवायच्या डीव्हीडीतून 'हट्टी' तेवढं काप."