दारफाळणी

दारफाळणीच्या सणाला बेने इस्रायल घरांत दिवस बुडताच दारं लावतात अन् उपाशीपोटी देवाकडं माफी मागतात. रिबकाबाई मात्र पांढरं लुगडं नेसून उंबऱ्यातच बसली.

"आत्या, दार लावू?" सून म्हणाली.

"मला सण शिकवू नको. पोलिस ॲक्शनच्या दंग्यात मुसलमानांची घरं लुटली, तवा मेहरुन्निसा जीव वाचवाया हेच दार बडवत व्हती, मी उघडलं नाय. तिनं माफ केल्याबिगर देव कशाला करंल?"

ऊदाच्या धुरातून, स्वप्नात यावी तशी, समोरच्या घरातली मेहरुन्निसा गल्ली ओलांडून आली.

"मेहरू, त्या दिवशी मी..." उभ्या गल्लीला गप बसवणारी जीभ अडखळली.

मेहरुन्निसानं तिला हाताला धरून उठवलं, आत केलं, अन् बाहेरून दार हळूच ओढून घेतलं.

"कडी लावा, आपा. तुमचा सण मोडंल."